इंदूच्या लग्नाचा अर्ज

मांडव नव्हता. माझ्या हातात लाल कागदात गुंडाळलेली स्टीलची कळशी होती, कारखान्यातल्या सावंत मिस्त्रींच्या हातात साडीचा बॉक्स होता, आणि आम्ही दोघं ज्या अंगणात उभे होतो तिथं लग्नघराची एकही खूण नव्हती. मुहूर्त बारानंतरचा होता. अकरा वाजून गेले होते. ओट्यावर एक बाई एकटीच ज्वारी पाखडत बसली होती.

"बबनचं घर हेच ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"व्हय. पन त्यो न्हाई. भोसरीला गेलाय सकाळच्याला."

"आज? लग्नाच्या दिवशी?"

बाईनं सूप खाली ठेवलं. "कुनाचं लगीन?"

मी तेव्हा पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर होतो. सत्तरच्या दशकाचा मध्य असेल. ज्या कारखान्यात कामगार जास्त, तिथं असा एक माणूस ठेवावाच लागतो. कामगारांना वाटतं तो मॅनेजमेंटचा, मॅनेजमेंटला वाटतं तो कामगारांचा. कॅन्टीनच्या आमटीपासून नवराबायकोच्या भांडणापर्यंत सगळं माझ्या टेबलावर यायचं. त्यातच एक काम प्रॉव्हिडंट फंडाच्या अर्जांचं. कामगाराच्या पगारातून दर महिन्याला जो फंड कापला जातो, त्यातले काही पैसे त्याला घरच्या लग्नासाठी आधी काढता येतात. स्वतःचं, मुलांचं, भावाबहिणीचं. अर्जाला पुरावा म्हणून लग्नपत्रिका जोडायची, मी खाली सही करायची, की पैसे मंजूर.

आमच्या मशिन शॉपमधला टर्नर बबन यानं बहिणीच्या लग्नासाठी असाच अर्ज केला होता. टर्नर म्हणजे लेथवर लोखंड फिरवून त्याला आकार देणारा. बबनचा हात फार चांगला होता. पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं होतं. मी डोळे झाकून सही केली. पुढं माझ्या क्लार्कनं रिवाजाप्रमाणं दुसरी पत्रिका शॉपच्या नोटीस बोर्डावर लावली. आमच्याकडं पत्रिका बोर्डावर लागली की वर्गणी निघायची आणि दोघंजण आहेर घेऊन लग्नाला जायचे. बबन मिस्त्रींना म्हणाला होता, "घरगुती हाय, कशाला तरास घेता?" मिस्त्रींना वाटलं पोरगा संकोचतोय. त्यांनी उलट वर्गणी वाढवली. आणि लग्नाच्या जेवणाला मी कधीच नाही म्हणत नसे.

तर, कुनाचं लगीन, असं विचारणारी ही बाई म्हणजे बबनची थोरली बहीण इंदू. आई गेल्यावर हिनंच बबनला वाढवलेलं, पुढं वडीलही गेले. तिशीला टेकलेली असावी. खिशात पत्रिका होती. शहाण्या माणसानं 'पत्ता चुकला' म्हणून पाय काढता घेतला असता. पण कागद हातात असला की तो समोरच्याला दाखवल्याशिवाय मला राहवत नाही. नोकरीनं लावलेली खोड. मी पत्रिका तिच्या हातात दिली.

तिनं हात पदराला पुसले. बोट ठेवून अक्षर अक्षर लावू लागली. मग पत्रिका मला परत दिली.

"मोठ्यानं वाचा की सायेब."

मी वाचली. श्रीगणेशापासून वाचली. चि. सौ. कां. इंदुमती आली, तिचे वडील आले, गाव आलं. मग नवऱ्या मुलाचं नाव आलं, चि. मारुती, त्याच्या वडिलांचं नाव, चाकणच्या पुढचं गाव. वाचून मान वर केली तेव्हा तिनं पदर डोक्यावरून घेतला होता.

"ह्यांनी तर नकार दिलता," ती म्हणाली.

मी मिस्त्रींकडं पाहिलं. मिस्त्री साडीच्या बॉक्सची दोरी नीट करत होते.

"चार सालं झाली. बघाया आलते. देहूरोडला मिलिटरीच्या डेपोत कामाला हायत. लई बोलले न्हाईत, पन जाताना माज्या हातनं तांब्या घेतला तवा म्हनले, येतो. मंग बबननं सांगितलं, नकार आला." ती थांबली. तिचा चेहरा बदलत गेला, आणि तो बदल मला अजून दिसतो. "आता व्हय म्हनले आसतील का? बबन तसाच हाय. ऐन वक्ताला सांगतो. मुहूर्त कदी म्हनलात?"

"बारानंतर," मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं.

तिनं उन्हाकडं पाहिलं आणि लगबगीनं उठली.

मी काय बोललो ते धड आठवत नाही. काहीतरी घोटाळा दिसतोय, बबनला उद्या पाठवा, असलं काहीतरी. आहेर तिथं ठेवायचा की परत न्यायचा हेही कळेना. शेवटी आम्ही तो घेऊन चोरासारखे निघालो. पांदीच्या वाटेला लागल्यावर मिस्त्री म्हणाले, "साहेब, तिनं आंघोळीचं पाणी ठेवलंय चुलीवर. मी धूर बघितला."

दुसऱ्या दिवशी बबन केबिनमध्ये आला तो मान खाली घालूनच. मी बस म्हटलं नाही.

"लग्न कुठं झालं?"

"झालं न्हाई साहेब."

"ठरलं कधी होतं?"

"न्हाई ठरलं."

"मग पैसे कुठं आहेत?"

पैसे भोसरीला होते. तिथं त्यानं एक गाळा घेतला होता, म्हणजे वर्कशॉपपुरती खोली, आणि आदल्या दिवशी, पत्रिकेतल्या मुहूर्ताच्या सुमारास, त्या गाळ्यात एक जुना लेथ उतरला होता. फंड त्यासाठी काढला होता. वर्कशॉपसाठी फंड मिळत नाही, लग्नासाठी मिळतो. म्हणून लग्न.

"साहेब, दुसऱ्याच्या मशिनवर किती दिवस हात काळं करायचं?" त्याला एकदम कंठ फुटला. "मोठ्या कंपन्या बाहेर काम देत्यात. आपला लेथ आसला तर दोन वर्षात दुसरा घेईन. मंग आक्काचं लगीन आसं थाटात करीन, गाव बघत ऱ्हाईल. माजं सगळं तिच्याचसाठी हाय."

मला राग आला होता, पण खोटं कशाला सांगू, तो लेथबद्दल बोलत होता तेव्हा पोराचे डोळे चमकत होते. स्वतःच्या मशिनचं स्वप्न पाहणारे असे पुष्कळ मी पाहिले होते.

"काल घरी गेल्यावर काय झालं?"

"ती ठेवनीतलं लुगडं नेसून बसली व्हती. केसात फूल घातलं व्हतं. मी म्हनलं, छापखान्याची चूक झाली. दुसरीच्या जागी चुकून तुजं नाव पडलं."

"आणि नवऱ्याचं नाव? तेही चुकून पडलं?"

"छापखान्यात इचारलं, नवऱ्या मुलाचं नाव काय, बापाचं काय, गाव काय. सगळे मागं उभे. खोटं नाव सुचंना साहेब. तोंडात त्येच आलं."

प्रकरण पर्सोनेल मॅनेजरांकडं गेलं. कामगारांची भरती आणि बडतर्फी या गृहस्थांच्या हातात. सरळ माणूस, पण घाईचा.

"बनावट कागद म्हणजे मिसकंडक्ट. काढून टाका," ते म्हणाले.

"साहेब, घरात कमावणारा तो एकटाच आहे. बहीण त्याच्यावर अवलंबून आहे."

"मग एक करा. त्या मुलीचं स्टेटमेंट घ्या. लग्न ठरलं होतं आणि मोडलं, असं ती लिहून देत असेल तर पैसे परत भरून घेऊ, फाईल बंद. तिला काहीच माहीत नसेल, तर नोकरी गेली. आणि हो, तो नवरा खरंच कुणी आहे का, बघून या. उद्या कुणी विचारलं तर तोंडघशी पडायला नको."

म्हणजे आता बबनची नोकरी इंदूच्या एका वाक्यावर होती. आणि मी देहूरोडला निघालो.

मारुतीला शोधायला वेळ लागला नाही. डेपोच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर तो मला जेवणाच्या सुट्टीत भेटला. किडकिडीत, सावळा, शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. मी ओळख सांगितली आणि पत्रिका पुढं केली. त्यानं ती वाचली, उलटी करून मागची बाजूही पाहिली. तिथं काहीच नव्हतं.

"ह्ये काय हाय साहेब?"

मी थोडक्यात सांगितलं. इंदूनं सांगितलं होतं तेही सांगितलं, की चार वर्षांपूर्वी तुम्ही नकार दिला होता.

"मी?" तो म्हणाला. "साहेब, नकार त्यांच्याकडनं आला. भाऊ सवता आला व्हता माज्या वडलांकडं. बहिनीला पसंत न्हाई म्हनला. आमी दोनदा मानूस पाठवला. हुंडा नको, मानपान नको, नारळ आन् मुलगी द्या. दोनदा त्येच उत्तर." त्यानं चहाचा ग्लास फिरवला. "मला वाटलं, माजा रंग. न्हाईतर मी बोललो न्हाई तिथं, म्हनून आसंल. मला पटकन बोलता येत न्हाई."

त्याचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. एक मुलगी होती. हे त्यानं मी न विचारता सांगितलं, आणि सांगताना जरा ताठ बसला.

"त्या बऱ्या हायत का?"

"बऱ्या आहेत."

"कुठं दिल्या?"

"नाही दिल्या."

त्यानं मान हलवली. भोंगा झाला. चहा तसाच ठेवून तो उठला, चार पावलं गेला आणि परत आला.

"एवढं सांगाल का त्यांना? न्हाई म्हनून मी म्हनलं नव्हतं. बाकी काय नको."

परतीच्या रस्त्यावर मला त्या माणसाचा फार राग आला. सरळ सांगता आलं असतं त्याला, राहू द्या आता, कशाला जुनं उकरायचं. मग मी मोकळा झालो असतो. आता हे ओझं माझ्या डोक्यावर बसलं. इंदूला हे कळलं आणि तिनं भावाविरुद्ध लिहून दिलं, तर बबन रस्त्यावर. नाही सांगितलं, तर ती जन्मभर समजत राहणार की आपण नापसंत ठरलो. कामगार कायद्याच्या परीक्षेत असला प्रश्न आला नव्हता.

ठरल्या दिवशी बबन बहिणीला घेऊन ऑफिसात आला. कारखाना ती पहिल्यांदाच बघत होती. एवढ्या वर्षांत भाऊ जातो कुठं, हे तिला माहीत नव्हतं. मशिन शॉपच्या दारातून तिनं आत वाकून पाहिलं. "केवढा आवाज," म्हणाली. बबननं मला पॅसेजमध्ये बाजूला घेतलं.

"साहेब, तिला सांगितलंय काय बोलायचं ते. ठरलं व्हतं, मोडलं. बोलंल ती. फक्त देहूरोडचं काय काढू नका. पाया पडतो."

"तुला माहीत आहे म्हणजे, तिथं मला काय कळलं ते."

तो वळून बहिणीजवळ जाऊन उभा राहिला.

मॅनेजरांच्या खोलीत इंदू खुर्चीच्या टोकावर बसली. टायपिस्टनं कागद चढवला. मॅनेजर म्हणाले, "हं, बाई, सांगा. तुमचं लग्न ठरलं होतं का?"

ती त्यांच्याकडं न बघता माझ्याकडं वळली. "सायेब, तुमी देहूरोडला गेलता म्हनं. भेटले का?"

बबन माझ्याकडं बघत होता. मिस्त्री साक्षीदार म्हणून आले होते, तेही बघत होते. मला खोटं बोलता येत नाही असं नाही. नोकरीत रोज दोनचार वेळा बोलावं लागे. पण त्या दिवशी ती अंगणातून लगबगीनं आत गेली होती, ते डोळ्यांपुढून हलेना.

"भेटले," मी म्हणालो. "त्यांनी नकार दिला नव्हता. त्यांना सांगण्यात आलं, तुम्हालाच पसंत नाही. त्यांनी दोनदा माणूस पाठवला. निरोप दिलाय तुम्हाला, मी नाही म्हटलं नव्हतं."

टायपिस्टचे हात थांबले. इंदू हळूहळू भावाकडं वळली.

"दोनदा?"

"आक्का, आबांनी तुज्या लग्नाला ठेवल्यालं पैसं मी गाळ्याला दिलते," बबन म्हणाला. जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा वडिलांना मोबदला मिळाला होता, त्यातले काही त्यांनी इंदूच्या लग्नासाठी वेगळे काढले होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. "लगीन कशानं करनार व्हतो? गावात नाक ऱ्हायलं नसतं. मला वाटलं, वर्षभरात उभं करीन, मंग दुसरं स्थळ बघू. तुला काय तोटा व्हता स्थळांचा?"

"त्यांनी नारळ आणि मुलगी मागितली होती," मी म्हणालो. मी गप्प बसायला हवं होतं.

ती रडली नाही. मला वाटलं रडेल, मॅनेजरांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला होता.

"मी दिलं आसतं बबन," ती म्हणाली. "सगळं पैसं दिलं आसतं. देवळात दोन हार घालून गेले आसते मी. तुला गाळा व्हता, मला घर व्हतं. एकदा इचारायचं व्हतंस."

बबन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. एवढा दांडगा टर्नर, पण त्याचे खांदे हलत होते.

मॅनेजर खाकरले. "बाई, स्टेटमेंट द्यायचंय. तुम्हाला जे वाटेल ते सांगा. जबरदस्ती नाही."

तिनं पदर नीट केला. "लिवा. लगीन ठरलं व्हतं. मोडलं. भावानं खोटं काय केलं न्हाई."

"इंदूबाई," मला राहवेना, "असं लिहिलं की गावात तुमच्याच नावाला लागेल. मोडलेल्या लग्नाची मुलगी म्हणतील. तुम्ही खरं सांगितलंत तरी चालेल."

"ह्ये खरंच हाय की सायेब. ठरलंच व्हतं. ह्यानं मोडलं. फकस्त कोन्या साली त्ये लिवू नका."

तिनं सही केली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं. मॅनेजरांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला आणि फाईल बंद केली. आमच्यासमोर ते एवढंच म्हणाले, "लेथ परत करायला सांगा त्याला."

लेथ परत गेला, घाट्यात. गाळाही वर्षभरात दुसऱ्याच्या नावावर झाला. बबन शेवटपर्यंत कंपनीच्याच लेथवर काम करत राहिला. भोसरीला त्याच्या बरोबरच्या दोघातिघांनी वर्कशॉप टाकली, मोठी केली. ते कधी भेटायला आले की बबन गेटपर्यंत त्यांच्या गाडीबरोबर चालत जायचा आणि गाडी वळेपर्यंत तिथंच उभा राहायचा.

इंदू त्या दिवशी त्याच्याबरोबर घरी गेली नाही. गेटवर आल्यावर ती थांबली आणि मला म्हणाली, "सायेब, हितं बायांना काम आसतं का?" कॅन्टीनमध्ये असायचं. महिनाभर ती मिस्त्रींच्या घरी राहिली, मग पिंपरीत एक खोली घेतली. नोकरीचा फॉर्म मीच भरला. नाव, वय, शिक्षण चौथी. पुढचा रकाना होता, विवाहित की अविवाहित.

"काय लिहू?" मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

"दोनच हायत व्हय?" ती म्हणाली. मग हसली. "लिवा दुसरं."

पुढं तिला स्थळं आली. एकदोन मीही सुचवली. ती नाही म्हणायची, पण चटकन नाही. आधी सगळं ऐकून घ्यायची, मुलगा काय करतो, कसा बोलतो, आणि मग नाही म्हणायची. बबनचं पुढं लग्न झालं, त्याच्या मुलांची तोंडं तिनं बघितली, दिवाळीला त्यांना कपडेही घ्यायची. बबन तिच्याच कॅन्टीनमध्ये जेवायला रांगेत उभा असायचा. ती त्याला इतरांइतकंच वाढायची, ना चमचा कमी, ना चमचा जास्त. ते बघणं मला नेहमी जड जायचं.

माझ्यापुरता यातून एक नियम निघाला. त्यानंतर बहिणीच्या किंवा मुलीच्या लग्नाचा अर्ज आला की सही करायच्या आधी मी त्या मुलीला जाऊन भेटत असे. मॅनेजर म्हणायचे, हे नियमात कुठं आहे? मी म्हणायचो, नाही. शनिवारी दुपारी कुठल्यातरी वस्तीत जायचो, घरच्यांना जरा बाहेर थांबायला सांगायचो आणि एकच प्रश्न विचारायचो, "पोरी, तुला विचारलंय ना?"

बहुतेक जणी लाजून आत पळत. मी सही करी. पण अधूनमधून एखादी पळत नसे. उभी राहून ती मलाच विचारी, "विचारायचं असतं?"